बैल आत होते

भिया, काल तुझी तेरवी झाली. चिंचेखाली चुलीची राख अजून तशीच आहे आणि लोकांशी बोलून बोलून माझा घसा बसलाय. जो येई तो तुझ्या विमानांबद्दल विचारी. कोणी म्हणे साहेबांनी चार विमानं पाडली, तर पुढचा माणूस दहावर जाई. बाजारात टमाट्याचे भाव चढावेत तसा तुझा पराक्रम चढत होता, आणि 'अरे बाप्पा, एकही नाही पाडलं' असं सांगायला तू नव्हतास. मी सांगून पाहिलं. म्हातारीला काय कळतं, अशा नजरेने लोकांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बुंदी वाढायला लागले.

तू असतास तर म्हणाला असतास, "सुरू झाली मास्तरीणबाईची शाळा." होऊ दे सुरू. आता मला अडवणारं कोणी नाही, आणि आपलं एक भांडण अर्ध्यावर राहिलंय. ते पुरं केल्याशिवाय मी तुला जाऊ देणार नाही.

आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत भावाला भिया म्हणतात. मी पहिल्यांदा तुझ्या हवाई तळावर आले आणि फाटकातूनच "भिया" अशी हाक मारली, तेव्हा तुझ्या दोस्तांना ते तुझं टोपणनावच वाटलं. मग जन्मभर सगळे तुला भियाच म्हणत राहिले. निरोपाच्या समारंभात तुझ्यापेक्षा मोठ्या हुद्द्याचा साहेबही भाषणात तुला भिया म्हणाला. आपली याडी, म्हणजे आई, पहिल्या रांगेत बसली होती. एवढा मोठा माणूस आपल्या पोराला भाऊ मानतो, म्हणून तिने समारंभ संपल्यावर त्याच्या कानशिलावर बोटं मोडली. साहेब बिचारा वाकून उभा राहिला.

फुलसावंगीजवळच्या आपल्या तांड्यावरून पुसदला शिकायला गेलेला तू पहिला. आपला बा तांड्याचा नायक. चार तांड्यांचे तंटे मिटवणारा माणूस, पण तुझी हवाई दलात निवड झाली तेव्हा त्याला काही सुचेना. आपण घरात गोरबोलीतच बोलायचो. इथे ते बोलणं वऱ्हाडीत लिहिते, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. बाने विचारलं, "त्या इमानात तुह्यासंग कोण बसते?" तू म्हणालास, "कोणीच नाही. एकटाच." बाने विडी पेटवली. मग म्हणाला, "अन् झोप लागली तं?" बैलगाडीत झोप लागली तरी बैल घरी आणतात, हा त्याचा हिशेब. तू त्याला हसला नाहीस. "झोप लागत नाही, बा, तिथं लय आवाज असते," असं तू शहाण्यासारखं उत्तर दिलंस.

आणि पहिल्याच सुट्टीत येऊन तू बाला बजावलंस, की हिचं लग्न शिक्षणानंतर. तांड्यात त्यावर कुजबूज झाली. माझ्या वयाच्या मुलींच्या कडेवर पोरं होती तेव्हा मी पुसदला वसतिगृहात राहून व्याकरण घोकत होते. मी शिक्षिका झाले, ते तुझ्यामुळे. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू पुढची प्रत्येक गोष्ट त्या जोरावर जिंकली असतीस.

वहिनी गेल्यावर तू पुण्याचा फ्लॅट बंद करून तांड्यावर राहायला आलास, तेव्हा लोकांना वाटलं, चार महिन्यांत कंटाळेल. तू राहिलास. तुझ्या खोडी मात्र हवाई दलातल्याच राहिल्या. विमानात बसण्याआधी वैमानिकाने त्याच्याभोवती एक चक्कर मारून सगळं हाताने चाचपून पाहायचं असतं म्हणे. तू फुलसावंगीच्या स्टँडवर एसटीलाही चक्कर मारायचास. टायर दाबायचास, दिव्यांवरून हात फिरवायचास, खाली वाकून तेल गळतंय का बघायचास, आणि मग चढायचास. ड्रायव्हर खिडकीतून म्हणायचा, "साहेब, झाली काय प्रदक्षिणा? सोडू काय गाडी?" माझ्या पोरीच्या लग्नात तू नवरदेवाच्या घोडीलाही चक्कर मारून आलास. घोडीवाला घाबरला. मी मांडवात तोंड लपवून बसले होते, पण घोडीचा एक नाल सैल आहे हा तुझा शोध खरा निघाला, हे मान्य करते.

याडीची गोष्ट तर तांडाभर ठाऊक आहे. आकाशातून जाणारं प्रत्येक विमान तुझंच, असं ती मानायची. आवाज आला की हातातलं काम टाकून अंगणात यायची आणि ओढणी हलवायची. नागपूरला जाणारी, मुंबईहून येणारी, कोणकोणती विमानं ती. कितीतरी परक्या माणसांना तिने आशीर्वाद दिले असतील. एकदा तिने तुला विचारलं, "वरून मी दिसते काय रे?" तू म्हणालास, "दिसतेस ना, याडी. तुह्या ओढणीचे आरसे चमकतात." मी तेव्हा कॉलेजात होते आणि मला फार अक्कल आली होती. तुला बाजूला घेऊन म्हणाले, म्हातारीला कशाला फसवतोस? तू नुसता हसलास. याडीने त्या वर्षी ओढणीवर आरशांची आणखी एक रांग शिवली.

लढाईनंतर तुला पदक मिळालं, तेही त्याच ओढणीवर गेलं. ते पदक कशाचं, हे काल कोणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून लिहून ठेवते. एकाहत्तरच्या लढाईत शत्रूचा रेल्वे पूल तोडून येताना तुझ्या पंखाला गोळा लागला. तळावरच्या मिस्त्र्याने त्या भोकातून स्वतःचं डोकं घालून दाखवलं, एवढं ते मोठं. खाली छत्रीने उडी मार, असा हुकूम आला होता. खाली गाव आहे, विमान गावावर पडेल, असं सांगून तू ते तिरकं तिरकं घेऊन तळावर आणलंस. एवढं सगळं करून आलेला माणूस घरी आला आणि पदक आईच्या हातात देऊन म्हणाला, "घे, लाव." तिने ते आरशांच्या आणि नाण्यांच्या मधोमध शिवून टाकलं. दरवर्षी तीजेच्या सणाला ती ते मिरवायची. शेजारणी विचारायच्या, हे कोणत्या राजाचं नाणं? तू ओढणीकडे बघून एवढंच म्हणालास, की शोभतं.

पण आपलं भांडण पदकाचं नाही. ते त्या दुसऱ्या उड्डाणाचं आहे, ज्याचं तुला काहीच मिळालं नाही.

उतरत्या उन्हाची वेळ होती. सीमेपलीकडच्या एका कच्च्या रस्त्याने शत्रूच्या तोफांना दारूगोळा जातो, दिसेल ते वाहन उडवा, असा हुकूम. तुम्ही दोघे निघालात. पुढे तू, मागे तुझा जोडीदार जोसेफ. नदीच्या अलीकडे बाभळींच्या बाजूला तुला गाड्या दिसल्या. तू विमानाचं नाक खाली केलंस, बोट बटणावर ठेवलंस. आणि तेवढ्या पळात तुला दिसलं, की गाड्या गोल लावलेल्या आहेत. बैल आत आहेत. मधे थोडा धूर आहे. तू नाक वर उचललंस. पुढच्याने मारा केला नाही म्हणून मागच्या जोसेफनेही केला नाही. तू वळून पुन्हा एक चक्कर मारलीस, आधीपेक्षा खालून, आणि सगळा दारूगोळा जसाच्या तसा घेऊन परत आलास.

तळावर तुझ्या साहेबाने विचारलं, का सोडलं? तू म्हणालास, "गाड्या गोल होत्या, सर. बैल आत होते." त्या खोलीतल्या एकालाही त्याचा अर्थ लागला नाही. लागणार कसा? त्यांच्यातलं कोणी गाड्यांच्या गोलात झोपलेलं नव्हतं. आपण झोपलो होतो. हंगामाच्या कामाला बाबरोबर आपल्या तांड्याच्या गाड्या निघायच्या. मुक्कामाला आधी गाड्या गोल लागायच्या, त्यांच्या आत बैल, बैलांच्या आत बायापोरं. लांडगा आला तर त्याला आधी गाडी लागेल, मग बैल, मग आपण. बा सांगायचा, हे त्याच्या आज्यापासून चालत आलंय. तेव्हा गाड्याही नव्हत्या, लदेणी होती. पाठीवर मिठाच्या, धान्याच्या गोण्या लादलेले बैल मुलुखभर फिरायचे, आणि मुक्कामाला त्या गोण्यांचीच गोल भिंत रचायची. जिथे गोल आहे तिथे आत माणसं आहेत, हे आपल्या गोरमाटीच्या, म्हणजे बंजाऱ्याच्या पोराला चालायला लागायच्या आधी कळतं.

लढाई संपल्यावर तू सुट्टीवर आलास आणि बाला ही हकीकत सांगितलीस. याडी भाकरी थापत होती, मी चुलीशी होते. बाने सगळं ऐकून घेतलं. विमान केवढं, वेग किती, काही विचारलं नाही. त्याने एकच विचारलं. "बैल आत होते काय?" तू म्हणालास, होते. "मंग बरं केलं," म्हणून बा हात धुवायला उठला. माझ्यासाठी ती गोष्ट तिथेच पुरी झाली. तुझ्यासाठी झाली नव्हती, हे मला कितीतरी वर्षांनी समजलं.

ज्या वर्षी ते समजलं, त्या वर्षी आमच्या शाळेने तुला झेंडावंदनाला बोलावलं होतं. तू उभा राहिलास आणि मुलांना स्वच्छ दात घासायचं महत्त्व सांगून खाली बसलास. लढाऊ वैमानिकाने दातांवर बोलावं, हे मला सहन झालं नाही. मी उठले आणि गाड्यांची गोष्ट सांगितली. चांगली सांगितली, उगाच विनय कशाला. गुरुजींच्याही डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या थांबल्यावर पाहते तर तुझी खुर्ची रिकामी. चहासुद्धा घेतला नाहीस.

घरी आले तर तू चिंचेखाली बाजेवर बसला होतास. तुला तसं चिडलेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

"कायले सांगतलं?" तू म्हणालास.

"खोटं सांगतलं काय?"

"तुले काय माहीत त्या गाड्यायमंधी काय होतं?"

"माणसं होती. बा म्हणे ना, बैल आत असले की—"

"बा म्हणे! बाच्या आज्याच्या लदेणीनं कोणाचं धान्य वाह्यलं? लष्कराचंच ना? त्याहीच्या गोण्या गोलच लागत होत्या. गोल होतं म्हणजे दारूगोळा नव्हता, हे कोणं सांगतलं तुले?"

मीही हटणारी नव्हते. म्हटलं, "पण लदेणीले कोण्याच लष्करानं हात नाही लावला. ना इकडच्या, ना तिकडच्या."

"हो, कारण उद्या त्याहीले तेच बैल लागत होते."

मी चहा ठेवायला गेले. परत आले तेव्हा तू शांत झाला होतास, आणि ते मला जास्त जड गेलं. तू म्हणालास, "दोन दिवसांनी जोसेफ गेला. त्याच नदीवर. तिथं तोफ लागली होती. तिचे गोळे कायच्यात आले असतीन?"

जोसेफ गेला हे मला ठाऊक होतं. त्याच नदीवर गेला, हे नव्हतं. मी म्हटलं, "ट्रकात आले असतीन."

"तुले माहीत आहे काय?"

"अन् तुले माहीत आहे काय?"

"तेच तं सांगून राह्यलो मी," तू म्हणालास. "मले माहीत नाही."

दर डिसेंबरात तू केरळला जोसेफच्या घरी जायचास. आम्ही समजायचो, मैत्री. होतीच ती. पण तिथे तू काय बोलत होतास, त्यांना ही गोष्ट सांगितली होतीस का, हे मी कधी विचारलं नाही. नंतरही आपलं हे भांडण अधूनमधून उकरलं जायचं. मी म्हणायचे, तू बरोबर केलंस. तू म्हणायचास, तुला कसं कळलं? मी बाची साक्ष काढायचे. तू म्हणायचास, बा कधी वर गेला नव्हता. मला तुझा राग यायचा. एवढा मोठा माणूस, साऱ्या जिल्ह्याने अभिमान धरावा असा, आणि स्वतःला एवढीशी शाबासकी देईना.

यवतमाळच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातही मी तुला सोडलं नाही. नाकात नळी होती, तरी म्हटलं, "भिया, एक डाव तं म्हण, की बरं केलं." तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "आखीन तेच काय, बाई?" मग माझ्या हातावर थोपटून झोपलास. मला वाटलं, उद्या बोलू.

आता कालचं ऐक.

आपली पूनम, माझी नात, तुझी लाडकी. ड्रोनने कपाशीवर फवारणी करायची हे काम ती शिकून आली, तेव्हा तांड्यातल्या पोरांनी तिची थट्टा केली. तू सगळ्यांदेखत तिला 'पायलट' म्हटलंस आणि थट्टा बंद झाली. तिच्या त्या यंत्रालाही चक्कर मारून, पंखे चाचपून मगच उडवायचं, हे तूच तिच्या हाडीमाशी खिळवलंस. मात्र तिच्या पडद्यावर वरून शेत कसं दिसतं, ते पाहायला ती बोलवायची, तेव्हा तू जायचा नाहीस. "मी वरून लय पाह्यलं," म्हणायचास.

काल कुठून कुठून लोक आले. ट्रॅक्टर, ट्रॉल्या, जीपा, आणि म्हाताऱ्यांचा हट्ट म्हणून काही बैलगाड्याही. वारा सुटला होता आणि स्वयंपाकात धूळ जात होती. आताच्या नायकाने हात वर करून हुकूम सोडला, "गोल लावा रे, गोल. बैलं आत घ्या." तुझी आठवण म्हणून नव्हे, त्याला तुझी गोष्ट ठाऊकसुद्धा नाही. धूळ अडवायची म्हणून. लोकांनी मुकाट्याने गाड्या गोल लावल्या.

पूनम म्हणाली, आठवण म्हणून वरून एक फोटो घेते. तिने तिचा छोटा कॅमेऱ्याचा ड्रोन जमिनीवर ठेवला, त्याभोवती चक्कर मारली, पंखे चाचपले. मला रडू आलं. ते यंत्र वर गेलं आणि तिने पडदा माझ्या हातात दिला.

भिया, मला गोल दिसला. बैल आत दिसले, मधे धूर दिसला. आणि ट्रॉल्यांवर ताडपत्र्या होत्या. मी डोळे ताणून पाहिलं. कोणत्या ट्रॉलीत तांदळाची पोती आहेत, कोणत्या ट्रॉलीत सतरंज्या आणि कोणती रिकामी, हे सकाळी माझ्यासमोर उतरवलेलं असूनही मला वरून ओळखता येईना. आत काय आहे ते वरून दिसतच नाही. तू तर एवढ्या वेगात होतास, आणि परक्या मुलुखावर.

तू जिंकलास. तुला माहीत नव्हतं. मी एवढी वर्षं तुझं भलत्याच गोष्टीसाठी कौतुक करत होते. मला वाटायचं, माझ्या भावाने ओळखलं, म्हणून सोडलं. ओळखून सोडायला काय लागतं? तू न ओळखता सोडलंस. आत माणसं असतील, एवढ्या 'असतील'वर तू बोट उचललंस, आणि मग जोसेफचं जे झालं ते जन्मभर स्वतःजवळ ठेवलंस, ना माझ्या टाळ्यांवर सोडलंस, ना बाच्या शब्दावर. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तू बरोबर केलंस का, मला माहीत नाही. हे तुला माझ्या तोंडून ऐकायचं होतं ना? मले माहीत नाही, भिया. पण तुझ्यासारखं वागायची हिंमत देवाने मला द्यावी, एवढं मी काल मागितलं.

पडद्यावर गोलाच्या आत म्हाताऱ्या बाया वाढायला उठल्या. ऊन उतरलं होतं. त्या वाकल्या, वळल्या, आणि त्यांच्या ओढण्यांवर इथे तिथे काहीतरी चमकलं. मी पूनमला विचारलं, हे काय चमकतंय? ती म्हणाली, "आरसे, आजी."

म्हणजे याडीला तू फसवत नव्हतास.

बॅटरी कमी झाली होती. पूनम म्हणाली, "खाली घेऊ काय आता?"

"थांब," मी म्हटलं. "आखीन एक चक्कर मार. जराशी खालून."